मधल्या दाराची फळी

वैभव हडकर नेमकं काय शिकतो, हे परळच्या हिराजी चाळीत कोणालाही धड सांगता येत नव्हतं. खुद्द वैभवला येत होतं, पण तो सांगून संपवेपर्यंत समोरचा माणूस दुधाची पिशवी घेऊन घरी पोचलेला असे. ‘क्लायमेट रेझिलियन्स अँड एन्व्हायर्न्मेंटल इंजिनीअरिंग’ हे काही चाळीच्या गॅलरीत उभ्या उभ्या उच्चारायचं नाव नव्हे. बी.कॉम. कसं, तोंडातून निघालं की समोरच्याला पगाराचा अंदाजही येतो. वैभवच्या आईने, लतिकाबाईंनी, यावर स्वतःपुरता तोडगा काढला होता. कोणी विचारलं की त्या सांगत, “पाण्याचा शिकता.” त्यामुळे झालं असं, की नळाला पाणी बारीक आलं की चाळ वैभवला हाक मारायला लागली. पहिल्या सेमिस्टरची परीक्षा तोंडावर आलेली असताना त्याने गच्चीवरच्या टाकीत उतरून अडकलेला फ्लोट सोडवला, तेव्हा “चला, शिक्षणाचा काहीतरी उपयोग झाला” असं लोक म्हणाले. दोन वर्षांत त्याच्या शिक्षणाबद्दल चाळीने काढलेला हा एकमेव चांगला शब्द.

शेजारच्या खोलीतल्या मनूकाका खवणेकरांनी मात्र एकदा मनापासून चौकशी केली होती.

“रेझिलियन्स म्हणजे काय रे?”

“तडाखा बसला तरी परत उभं राहायची ताकद, काका.”

मनूकाकांनी थोडा विचार केला. ते मिलमध्ये साच्यावर होते. मिल बंद पडली, तिच्या जागेवर काचेचा टॉवर आला, आणि ज्या जागी त्यांनी कापड विणलं त्याच जागी पुढे निवृत्त होईपर्यंत त्यांनी लिफ्ट चालवली. “म्हणजे मार खायचा आणि उभं राहायचं,” ते म्हणाले. “त्याला दोन वर्षं कॉलेज कशाला पाहिजे? आम्हाला विचारायचंस ना.”

वैभवला हे लागलं. एम.टेक. करणाऱ्या माणसाला आपला विषय शेजाऱ्याला आधीपासून ठाऊक असलेला आवडत नाही. त्याने तेव्हाच मनाशी ठरवलं, की प्रबंध करायचा तर या चाळीवरच करायचा आणि शास्त्र म्हणजे काय ते या लोकांना दाखवून द्यायचं. चांगल्या घरात वाईट दिवस येतात ते बहुतेक अशाच कुठल्यातरी निश्चयातून येतात.

आता पाण्याबद्दल. हिराजी चाळीच्या तळमजल्यावर सात खोल्या, आणि सातही खोल्यांत पावसाळ्यात पाणी शिरतं. मोठी भरती आणि मोठा पाऊस एका वेळेला जुळले की गटारं पाणी घ्यायचं सोडून परत द्यायला लागतात. यावर चाळीचा एक जुना कायदा होता. पाणी चढायला लागलं की सातही घरांनी पुढची आणि मागची दारं सताड उघडायची. पाणी पुढून येईल, मागच्या मोरीतून निघून जाईल आणि सगळ्यांच्या पोटऱ्या सारख्या भिजतील. उंबरठा शेजाऱ्यापेक्षा उंच कोणी करायचा नाही. मागे एकदा टोकाच्या बिऱ्हाडाने गुपचूप दोन विटा चढवल्या होत्या. त्या वर्षी त्यांच्या मुलीच्या लग्नाला चाळीतून आहेर गेला, माणूस एकही गेला नाही. दिवाळीपर्यंत विटा उतरल्या.

हडकर आणि खवणेकर यांच्या खोल्यांच्या मध्ये एक दार होतं. कधीकाळी दोन्ही खोल्या एकाच भाडेकरूकडे असाव्यात. विरजण, वर्तमानपत्र, नारळाची कवड आणि अधूनमधून भांडण याच दारातून जात-येत असे. पण त्याचा खरा उपयोग पावसाळ्यात. वर जायचा जिना खवणेकरांच्या मागच्या दाराला लागून होता, आणि बाहेर पुढच्या-मागच्या दोन्ही गल्ल्यांत पाणी कमरेला लागलं की गटाराचं कुठलं झाकण उघडं आहे ते कळायचं नाही. त्यामुळे पाणी फारच चढलं तर हडकरांचं सामान मधल्या दाराने खवणेकरांकडे आणि त्यांच्या मागच्या दाराने जिन्यावर जाई. मनूकाका दारात उभे राहून एकेक डबा हातात घेत आणि “वहिनी, अजून काय?” असं ओरडत. लतिकाबाईंच्या घरी डबे फार, कारण वैभवचे वडील गेल्यापासून ते घर मालवणी मसाल्यावर चालत होतं. मे महिन्यात मिरच्या वाळवायच्या, खडा मसाला भाजायचा, लालबागला डंकाच्या गिरणीतून कुटून आणायचा, पाकिटं भरायची आणि दिवाळीपर्यंत पुरवायची. वैभवची फी याच पाकिटांतून निघाली होती. ही गोष्ट त्याला पूर्ण ठाऊक होती, प्रबंधाच्या ऋणनिर्देशात ती त्याने दुसऱ्या ओळीत घातलीही होती. पहिल्या ओळीत गाइड.

गाइड म्हणजे डॉ. अवनी कोठारे. गिरगावातल्या जुन्या, चांगल्या घरातल्या. बोलणं मऊ आणि मराठी शुद्ध. “वैभव, तुझ्याकडे जी गोष्ट आहे ती कोणाकडे नाही,” त्या म्हणाल्या. वैभवला क्षणभर वाटलं, बुद्धिमत्ता. “तुझ्या घरात पाणी शिरतं,” त्यांनी वाक्य पूर्ण केलं. त्यांच्या घरात तीन पिढ्या पाणी शिरलेलं नव्हतं, त्यामुळे पाण्याकडे त्यांना स्वच्छ नजरेने बघता येत असे.

प्रयोग ठरला तो असा. अ‍ॅल्युमिनियमची एक फळी, कडेला रबर. दाराच्या चौकटीत खाचा बसवायच्या आणि पाणी यायच्या आधी फळी वरून सरकवून आवळायची. घर कोरडं राहतं. मात्र शास्त्रात नुसतं कोरडं राहून भागत नाही. कोणाच्या तुलनेत कोरडं, ते दाखवावं लागतं. म्हणून शेजारशेजारची, सारख्या मापाची दोन घरं घ्यायची. एकाला फळी लावायची, दुसऱ्याला लावायची नाही, आणि दोन्हींत पाणी किती चढतं ते मोजायचं. अनुदान एवढंच होतं, की फळ्या एकाच घराला पुरतील.

चाळीची सभा गॅलरीत भरली. फळी आपल्या दाराला लावावी असं सातही घरांचं म्हणणं पडलं. फळी न लावलेलं घर आपलं असावं असं कोणीच म्हणेना. वैभवने मोठ्या कळकळीने समजावलं, की न लावलेल्या घराचं शास्त्रात तेवढंच महत्त्व असतं, किंबहुना थोडं जास्तच.

“मग ते महत्त्व तूच घे ना,” एक आवाज आला.

पहिल्या मजल्यावरचा राजेश परब सभेत सगळ्यात जास्त बोलला. पाणी आजवर त्याच्या नखालाही लागलेलं नाही, त्यामुळे या विषयावर त्याची मतं पक्की आहेत. “फळी टेस्ट करायचीय ना? माझ्या दाराला लाव,” तो म्हणाला. “गॅरंटी देतो, थेंब येणार नाही.”

शेवटी जे व्हायचं तेच झालं. फळी मनूकाकांच्या घराला आणि शास्त्रीय महत्त्व हडकरांच्या. रात्री जेवताना वैभवने आईला ते सांगितलं. लतिकाबाईंनी भाकरी तव्यावर टाकली, उलटली आणि मगच विचारलं, “म्हंजे मनूभावजींच्या घरात पाणी जावचा नाय, आणि आमच्या घरात जावचा?”

“तसं नाही गं आई. आपल्याकडे दरवर्षी येतं तेवढंच येणार. आपण फक्त मोजायचं.”

“मोजूक माजी हरकत नाय,” त्या म्हणाल्या. “पन त्येंच्याकडे जाऊचा पाणी खंय जातला?”

वैभव हसला. पाणी मागच्या बाजूने निघून जाणार, कॉम्प्युटरवर सगळं मॉडेल केलं आहे, असं म्हणाला. मॉडेल करताना त्याने दोन्ही घरं एकमेकांपासून वेगळी धरली होती. पुस्तकात घरं तशीच असतात.

मग परवानगी. जुन्या चाळीच्या चौकटीला चार भोकं पाडायची तर कोणाला विचारायचं, याचा शोध घेण्यात वैभवचा हिवाळा गेला. मालकाचा भाडं गोळा करणारा भय्या म्हणाला, दुरुस्तीवाल्या कचेरीत जा. दुरुस्तीवाले म्हणाले, ही दुरुस्ती नाही, काही मोडलेलं दाखवा. दुसऱ्या कचेरीतल्या साहेबांनी फळीचा नकाशा उभा-आडवा करून बघितला आणि विचारलं, ही वस्तू कायमची की तात्पुरती? कायमची असेल तर अतिक्रमण होतं. तात्पुरती असेल तर कशासाठी तात्पुरती? पाण्यासाठी असा रकानाच नव्हता. वैभव इतक्या वेळा गेला, की कॅन्टीनवाला त्याला स्टाफ समजून चहा उधार द्यायला लागला. अखेर एका कनवाळू बाईंनी फळी ‘उत्सवी मंडप’ या सदरात बसवली आणि परवानगी निघाली. अटी त्या सदराच्याच होत्या. ध्वनिक्षेपक दहाला बंद करावा, आणि मंडपाशेजारी वाळूने भरलेल्या दोन बादल्या व आग विझवायचं नळकांडं ठेवावं. तपासायला माणूस आला तर काय, या भीतीने वैभवने तेही आणून मनूकाकांच्या दारात ठेवलं. पाणी अडवायच्या फळीशेजारी आगीचं नळकांडं बघून येणारा-जाणारा थांबायचा. मनूकाका गंभीरपणे सांगत, “सायन्स आहे.”

एप्रिलमध्ये कोठारे मॅडम स्वतः पाहणीला आल्या. मनूकाकांच्या पत्नीने, बेबीकाकीने, सोलकढी दिली. मॅडमनी पुढची फळी बघितली, मागची बघितली, समाधानाने मान हलवली आणि मग त्यांची नजर मधल्या दारावर गेली. दार नेहमीसारखं उघडं होतं आणि त्याच्या उंबऱ्यावर बसून लतिकाबाई मिरच्यांचे देठ काढत होत्या.

“हे काय?”

“हे मधलं दार, मॅडम.”

“अरे पण यातून सगळं पाणी या घरात येईल. मग फळ्या लावून काय उपयोग? हे बंद करायला हवं.”

मधलं दार आजवर कोणी बंद केलेलं नव्हतं. त्याला कडी होती, पण ती रंगाच्या थरांत गुडूप झाली होती. वैभवने दार ओढून घेतलं, फटींना रबर लावलं आणि मनूकाकांच्या बाजूने एक फळी दारावर घट्ट आवळायची सोय केली. पाणी असताना ती सैल केली की बाहेरच्या दाबाने दार आत ढकललं जाईल, म्हणून त्याने मनूकाकांना समोर बसवून नियम पाठ करून घेतला. पाणी पूर्ण उतरेपर्यंत फळीला हात लावायचा नाही. कोणी काहीही सांगितलं तरी नाही.

“कोणीही?”

“कोणीही, काका. अगदी मी सांगितलं तरी. नाहीतर सगळा प्रयोग फुकट. माझी डिग्री त्यावर आहे.”

“तुझ्या डिग्रीसाठी काय वाटेल ते,” मनूकाका म्हणाले, आणि ते तेव्हा अगदी मनापासून म्हणाले.

पावसाळा लागला. दोन-तीनदा थोडं थोडं पाणी आलं आणि गेलं. प्रयोग म्हणण्यासारखं काही घडेना. वैभव भरतीची वेळापत्रकं बघून अस्वस्थ व्हायला लागला. सगळी मुंबई पाणी भरू नये म्हणून देवाला हात जोडते. हा एकटा रोज सकाळी आभाळ भरून यायची वाट बघत होता. आईला ते दिसत होतं. तिने मसाल्याची पाकिटं खाटेखालून काढून खाटेवर रचली. दरवर्षी तेवढं पुरायचं. भिंतीवरच्या फळ्या आधीच डब्यांनी भरलेल्या होत्या.

जुलैच्या एका दुपारी त्याची इच्छा पुरी झाली. सकाळपासून कोसळत होता आणि भरती दुपारची होती. गटारांनी गल्लीत पाणी सोडायला सुरुवात केली तशी चाळीत नेहमीची धावपळ उडाली. सहा घरांनी दारं उघडली. मनूकाकांनी आपल्या तिन्ही फळ्या आवळल्या. वैभवने घराच्या भिंतीला लावलेल्या मोजपट्टीशेजारी उभं राहून पहिला आकडा लिहिला.

पाणी पोटरीपर्यंत आलं. इथे ते दरवर्षी थांबायचं. या वेळी थांबलं नाही. खवणेकरांच्या घरातून जे पाणी वाहून जायचं ते त्यांच्या फळीला थडकून बाजूच्या दारात वळत होतं, आणि बाजूचं दार हडकरांचं होतं. मधल्या दाराने पलीकडे निघून जायचं तेही आता जागच्या जागी कोंडलं. पाणी गुडघ्यावर आलं. मॉडेलमध्ये नसलेली ही गोष्ट वैभवच्या लक्षात आली तेव्हा खाटेचे पाय दिसेनासे झाले होते.

“झिला, पाणी खाटेक लागला,” आई म्हणाली. तिने मसाल्याच्या दोन पिशव्या कवटाळल्या होत्या आणि ठेवायला जागा शोधत होती. “मधला दार उघडूक सांग.”

वैभवने मधलं दार ठोठावलं. “काका! काका, फळी काढा! आईचं सामान वर न्यायचंय!”

मनूकाका पलीकडून दाराला तोंड लावून म्हणाले, “पाणी उतरलं का?”

“नाही ना! चढतंय! म्हणून तर सांगतोय, काढा!”

“अरे पण तूच म्हणाला होतास, मी सांगितलं तरी काढायची नाही.”

“आता मी म्हणतोय काढा!”

“आता तू घाबरून म्हणतोयस. तेव्हा शिकलेला माणूस म्हणून सांगितलं होतंस. तुझ्या डिग्रीचा प्रश्न आहे रे बाबा, मी नाही त्यात पडणार.”

“मनूभावजी!” लतिकाबाईंनी हाक मारली. “माजो मसालो जाता ओ!”

पलीकडे बेबीकाकी काहीतरी पुटपुटली आणि मनूकाका तिच्यावर खेकसले. मग त्यांचा आवाज अगदी खाली आला. “वहिनी, राग मानू नका. लग्न होऊन या घरात आलो तेव्हापासून दर पावसाळ्यात पाण्यात उभा आहे मी. आज पहिल्यांदा जमीन कोरडी आहे. बेबी चटईवर बसलीय खाली. माझा हात नाही होत हो.”

वैभवने दाराला खांदा लावला. दार त्याने स्वतः बंद केलेलं होतं, रबर उत्तम दर्जाचं होतं, आणि पलीकडची फळी त्याहून उत्तम. दार जागचं हललं नाही. तो दोन पिशव्या डोक्यावर घेऊन गल्लीतून जायला निघाला. दारापासून चार पावलांवर झाकण नसलेल्या गटाराच्या कडेवर त्याचा पाय घसरला, तो पिशव्यांसकट आडवा झाला, आणि वरून राजेश परब ओरडला, “अरे उजवीकडून जा, उजवीकडून! डावीकडे भोक आहे!” ही माहिती तो त्या आधीही देऊ शकला असता. पिशव्या गेल्या. वैभव भिंत धरून परत आला.

तोपर्यंत पाणी खाटेवर चढलं होतं. पाकिटं खालच्या थरापासून फुटायला लागली. मसाला पाण्यात उतरला आणि घरातलं पाणी बघता बघता लाल झालं. वासाने सगळी गल्ली शिंकायला लागली. लतिकाबाई वरची पाकिटं उचलून उचलून भिंतीच्या फळीवरच्या डब्यांवर रचत होत्या. ती तिथून घसरून पुन्हा पाण्यात पडत होती. वैभवच्या पायांची आग आग व्हायला लागली. घसरताना गुडघा सोलवटला होता आणि तो आता वर्षभराच्या तिखटात बुडालेला होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मिरचीमुळे, असं कोणी म्हटलं असतं तर त्याला ते चाललं असतं.

“वैभव!” पलीकडून मनूकाकांचा आवाज आला. आता तो सावरलेला होता, जवळजवळ प्रेमळ. “मोजतोयस ना रे? आमच्याकडे शून्य लिही हां. एकदम शून्य.”

आणि सांगायला लाज वाटते, पण वैभवने लिहिलं.

संध्याकाळी पाणी उतरलं. भिंतीवर चारी बाजूंनी लाल रेघ उमटली होती, कुठेही पुसट नाही. मनूकाकांनी नियमाप्रमाणे पाणी पूर्ण उतरल्यावरच मधली फळी काढली, दार उघडलं आणि बेबीकाकीने केलेला गरम भात आणि कुळथाची पिठी घेऊन ते उंबऱ्यावर उभे राहिले. लतिकाबाई खाली बसून लाल चिखल सुपलीने भरत होत्या. त्यांनी वर बघितलं नाही. मनूकाका भात तिथेच ठेवून गेले. त्यांचा चेहरा पडलेला होता, हे खरं आहे. पाय मात्र कोरडे होते.

दुसऱ्या दिवशी तळमजल्यावरच्या उरलेल्या पाचही घरांनी फळ्यांची चौकशी केली. दारं उघडायचा तो जुना कायदा एका दुपारी संपला. तो संपला म्हणून सभाही भरली नाही.

कोठारे मॅडमना फोटो बघून फार आनंद झाला. “पाण्याच्या पातळीची इतकी स्पष्ट खूण मी आजवर बघितली नव्हती,” त्या म्हणाल्या. “रंग मिसळलास का पाण्यात? छान कल्पना आहे.”

“मसाला आहे मॅडम. आईचा.”

“स्थानिक साहित्य,” मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी कौतुकाने टिपून घेतलं. वैभवने पुढे काही सांगायला तोंड उघडलं. पण प्रबंध सादर करायची तारीख जवळ होती आणि मॅडमना मीटिंग होती.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले होते, पांढऱ्या केसांचे, दबदबा असलेले. त्यांनी आलेख उलटसुलट बघितले. फळी लावलेलं घर, शून्य. न लावलेलं घर, अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त. त्यांनी चष्मा काढला आणि ज्या प्रश्नाची वैभव तीन महिने रात्रंदिवस धास्ती घेऊन होता तोच प्रश्न विचारला.

“फळीमुळे जे पाणी पहिल्या घरात शिरलं नाही, ते गेलं कुठे?”

वैभवने कबूल करायचं ठरवलं होतं. मॉडेल चुकलं, दोन घरं वेगळी नव्हती, फळीने पाणी थांबत नाही, फक्त दुसऱ्याच्या दारात जातं, हे सगळं तो सांगणार होता. प्रत्यक्षात तोंडातून एवढंच निघालं, “आमच्या घरात, सर.”

खोलीतले सगळे खळखळून हसले. परीक्षक तर टेबलावर हात आपटून हसले. “व्हेरी गुड! संशोधक असावा तर असा. विषयात इतका बुडालेला!” मॅडमही हसल्या. वैभवने “सर, खरंच—” अशी सुरुवात केली, पण तोवर पुढच्या विद्यार्थ्याला हाक गेली होती. त्याला वर्गातले सर्वोच्च गुण मिळाले. एका कंपनीचा माणूस बाहेर थांबलाच होता. त्यांना सगळ्या शहराला फळ्या विकायच्या होत्या आणि त्यासाठी हसतमुख तरुण इंजिनीअर हवे होते.

वैभव दादरहून पेढे घेऊन घरी आला तेव्हा दुपार टळत होती. गल्लीतल्या सहा दारांना आता खाचा बसल्या होत्या. सातव्या दारात लतिकाबाई गॅसवर कोणाच्यातरी डब्याची भाजी परतत होत्या. मसाला गेल्यापासून त्यांनी ऑफिसातल्या लोकांचे डबे घेतले होते. वैभवने वाकून नमस्कार केला आणि पेढा पुढे केला.

“पास झालंस?”

“पहिला आलो, आई. सगळ्यांत जास्त मार्क.”

त्यांनी हात पदराला पुसले, पेढ्याचा एक कण मोडून तोंडात टाकला आणि उरलेला त्याच्या हातावर ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता. तो खोटा नव्हता, आणि म्हणूनच वैभवला त्यांच्याकडे बघवेना.

“बरा झाला,” त्या म्हणाल्या. “तुका पयलो नंबर. मनूभावजींका शून्य. आता माका सांग, माका किती दिल्यानी?”

वैभव पेढा हातात धरून उभा राहिला. भाजी लागेल म्हणून आई गॅसकडे वळली.